तिघांचा हुंडा

कापगते सरांनी माझ्या निबंधातला चिखल काढून टाकला, तिथूनच सगळं बिघडलं. मी अजूनही सरांना नमस्कार करते. पण राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

निबंध पुण्याच्या एका संस्थेसाठी होता. मुलींचं कॉलेज, राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट, आणि एका जिल्ह्यातून दोनच मुली घेणार. अर्जासोबत त्यांनी दीडशे शब्द मागितले होते: 'माझ्या घरातली एक गोष्ट जी मला बदलायची आहे, आणि ती बदलताना मी कशी घडले.' बारावीचा निकाल लागला त्या दिवशीच आईने सांगून टाकलं होतं, "फुकट असंन तं जाय. नाही तं बस झालं शिकनं. रोवण्यात हात कमी पडून राहिले." बाप नागपुरात सेंट्रिंगच्या कामावर. त्याला फोन लावला तर म्हणाला, तुही आई म्हणते तसं कर. म्हणजे पुणं, नाही तर काहीच नाही.

मी रोवणीवर लिहिलं. दुसरं काय लिहिणार? सानगडीच्या या अंगाला पाऊस धरला की माझी आई ललिताबाई आम्हा दोघींसकट आठ बायांची टोळी जमवते आणि धानाच्या रोवणीचा हुंडा घेते. आमच्याकडे हुंडा म्हणजे ठोक काम. एवढ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रोवून द्यायच्या, रोजी लावायची नाही, चार दिवस लागो की सहा, बोललेला पैसा काम उरकल्यावर. लग्नातल्या हुंड्यालाही आम्ही हुंडाच म्हणतो. एकाच तोंडाने दोन्ही बोलतो आणि गावात आजवर कोणाचा गोंधळ झाला नाही.

चार पानं भरली होती मी. पऱ्हे उपटून उपटून बोटांना पडलेल्या चिरा, पायाच्या बेचक्यातल्या चिखल्या, त्यावर आई लावते ती हळद आणि करंजीचं तेल, संध्याकाळी सरळच न होणारी कंबर. रोवताना मागे मागे सरकायचं असतं. त्यामुळे केलेलं सगळं समोर दिसतं आणि जायचं कुठे ते दिसत नाही, असंही एक वाक्य लिहिलं होतं. ते मला फार आवडलं होतं.

सरांनी लाल पेन काढला. सर आमच्याच भागातले, त्यांच्याही आईने उभा जन्म रोवण्या केल्या. पण मला म्हणाले, "गुंजन, चिखल नको. चिखल सगळ्याच लिहितात. पुण्याच्या लोकांना विचार पाहिजे." आमच्याकडे बायाही 'जातो' म्हणतात, मी तसंच लिहिलं होतं, त्याचं 'जाते' केलं. पऱ्ह्यांची रोपं केली, मग ती रोपंही खोडली. कंबर खोडली, चिखल्या खोडल्या. मागे सरकण्याचं वाक्य वाचून म्हणाले, हे नकारात्मक वाटतं. एवढी काटछाट करून जे उरलं, त्याचा गाभा असा होता:

'माझी आई दर वर्षी हुंडा घेते. माझी आजीही घेत असे. हुंडा ठरवताना आई कोणाचं ऐकत नाही. तिच्याएवढा हुंडा गावात दुसरं कोणी घेत नाही. नववीपासून मीही तिच्यासोबत यात आहे. यात माणसाला किती वाकावं लागतं ते मी पाहिलं आहे. मला हे बदलायचं आहे. मी शिकेन आणि आयुष्यात कधी हुंडा घेणार नाही.'

सरांनी मोठ्याने वाचून पाहिलं. मी वाचून पाहिलं. दोघांनाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? झाडीपट्टीतल्या दोन माणसांनी वाचलं होतं ते.

पंधरा दिवसांनी सरांच्या फोनवर निरोप आला. माझं नाव मुलाखतीच्या यादीत होतं. मंगळवारी साडेअकराला व्हिडिओ कॉल. सर स्वतः घरी आले, आईने त्यांना चहा केला, आणि मंगळवार ऐकून तिचा चेहरा पडला.

"मंगळवारी भूपेंद्रभाऊचा हुंडा हाये, सर. तलावाचं पानी तीनच दिवस सोडून राहिले. आठ जनी बोलली मी त्याले."

"आई, अर्ध्या तासाचं काम आहे," सर म्हणाले.

आईने बशी उचलली, धुतली, पालथी घातली. "अर्धा घंटा. मांगून एक घंटा झाला असं नाही पाह्यजे."

मंगळवारी सहा वाजताच आम्ही बांधीत होतो. आभाळ खाली आलेलं, पण पडत नव्हतं, नुसतं उकडत होतं. भूपेंद्रभाऊचं शेत तलावाच्या मातीच्या पाळीखाली आहे, आणि त्याच्या टोकाला, गावाच्या शिवेवर, दोन लांबट बांध्या आहेत. त्या दोन बांध्यांत पहिलं रोप दर वर्षी आईच लावते. तिच्याआधी कोणी पाय घातला तर शिवी खातं. आम्ही सगळ्या तिला हसायचो. पुष्पाबाई म्हणायची, "मुकादमीचा माज हाये तुले, ललिता." त्या दिवशीही ती एकटी उतरली, पेंढी सोडली, पाच-सहा रोपं लावली आणि मग म्हणाली, "या."

दहा वाजता भूपेंद्रभाऊ गाडीवरून आला. चपला काढल्या नाहीत, बांधीच्या कडेला धुऱ्यावरच उभा राहिला. त्याने आधी डोकी मोजली, मग आईच्या ओळीकडे बघितलं.

"पातळ लावलं, ललिताबाई."

"बरोबर हाये, भाऊ. वीतभर हाये."

"मले शिकवता काय? उपटा तेवढं. दाट लावा."

बरोबरच होतं ते. आईचा हात वीस वर्षांचा आहे, डोळे मिटून लावलं तरी वीतभरच पडतं. तरी पुढे सरकून तिने स्वतःच लावलेली चार ओळी रोपं उपटली आणि पुन्हा लावली, जशीच्या तशी, तेवढ्याच अंतरावर. भूपेंद्रभाऊ म्हणाला, "आता बरं दिसते." माझ्या हातातली पेंढी मी इतकी आवळली की पऱ्ह्यांचा चोथा झाला. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं, त्या बघण्याचा अर्थ मला माहीत होता. मी वाकले.

सव्वाअकराला सरांची स्कूटी पाळीवर दिसली. गावात फोनची रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते. मी पाटात हातपाय धुतले, पिशवीतून शाळेची ओढणी काढून चिखलाच्या कुडत्यावरून घेतली. निघताना मागून भूपेंद्रभाऊचा आवाज आला, "एक हात कमी हाये, ललिताबाई. मांगून मले सांगू नका, झालं नाही म्हून."

सरांनी फोन पिंपळाच्या बुंध्याला टेकवला आणि स्वतः बाजूला छत्री धरून उभे राहिले. पडद्यावर एक मॅडम होत्या, पांढऱ्या केसांच्या, चांगल्या चेहऱ्याच्या. शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ. मॅडमने माझं नाव घेतलं.

"गुंजन, तुझं लिखाण आम्ही इथे सगळ्यांनी एकत्र बसून वाचलं. खरं सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या आईबद्दल इतकं खरं लिहायला फार धीर लागतो."

मला बरं वाटलं. मी सरांकडे बघितलं, सर हसले.

"तुझ्या आईने हुंडा कोणाकडून घेतला?" मॅडमने विचारलं.

"आता भूपेंद्रभाऊकडून घेतला, मॅडम."

"म्हणजे हल्लीच?"

"हो. यंदा तिघांकडून घेतला."

मॅडमने तोंडावर हात ठेवला. चष्मेवाले पुढे वाकले. "एका वर्षात तिघांकडून?"

"मागच्या वर्षी पाच जणांकडून होता, सर. यंदा पाऊस उशिरा आला."

ते एकमेकांकडे बघायला लागले. पावसाचा काय संबंध, असं चष्मेवाले पुटपुटले. मला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, आकडा कमी पडला बहुतेक. मॅडमने आवाज खाली आणला आणि अगदी मायेने विचारलं, "बेटा, तू हे लिहिलंस ते आईला माहीत आहे का? त्या आत्ता आसपास आहेत?"

"त्या काय, खाली आहेत."

"त्यांना ऐकू जात नाही ना? तुला घरात काही त्रास होईल, मारहाण वगैरे, अशी भीती वाटते का? आम्ही तुला लवकर इकडे आणू शकतो. लग्नात हुंडा घेणाऱ्या घरातून बाहेर पडून एक मुलगी असं लिहिते, अशाच मुली आम्हाला हव्या आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खाली बघितलं. आई ओणवी होती, तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि त्या पाठीवर चिखलाचा वाळलेला पंजा होता, कंबर धरताना तिचाच हात लागलेला. आणि ही पुण्याची बाई मला त्या आईपासून वाचवायला निघाली होती.

नेमका तेव्हाच पडदा अडकला. मॅडमचं तोंड उघडं राहिलं, वर गोल चकती फिरायला लागली. सर धावत पुढे आले. त्यांनाही कळलं होतं.

"गुंजन, ऐक. चूप राहा. त्यांना जे वाटते ते वाटू दे."

"सर, त्या माझ्या आईला काय समजून राहिल्या?"

"आईला कोण सांगते? आई पुण्याला जाते काय? वहिनीकडून घेतला म्हण, एकदाचं. तुझी निवड झाली आहे बाई, त्या बोलल्या ना आत्ता. एक होय म्हण, तीन वर्षं फुकट."

"मले वहिनीच नाही, सर."

"तं काकू म्हण ना!" सर ओरडलेच. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं, हे मला कळत होतं, म्हणून तर जास्तच चीड आली. सगळ्यांनाच माझं चांगलं करायचं होतं, आणि त्यासाठी सगळ्यांना माझी आई वाईट लागत होती.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग माझा मलाच आला. मॅडमने चुकीचं वाचलं, ठीक आहे. पण मी काय लिहिलं होतं? घरातली बदलायची गोष्ट म्हणून मी आईचं कामच लिहून दिलं होतं. तिचा हात, तिची वीत, तिचं ठरवणं. मी कधी तसं करणार नाही, असं सही करून पाठवलं होतं. शब्द सरळ वाचला असता तरी लाज वाटायचीच गोष्ट होती ती.

पडदा हलला. मॅडम म्हणाल्या, "हां, गुंजन, आवाज येतोय?"

"येतोय, मॅडम. आता मी बोलतो, तुम्ही ऐका." माझं 'बोलते' राहिलंच नाही. "माही आई लग्नाचा हुंडा घेत नाही. मले भाऊबी नाही. आमच्याकडे रोवण्याच्या ठेक्याले हुंडा म्हणतात. ती आठ बाया घेऊन लोकाईच्या बांध्या रोवून देते. वाकावं लागते लिवलं ना, ते खरोखरचं वाकनं हाये, कंबरेतून. सकाळी सहापासून वाकून हाये ते, तुमाले पाहाचं असंन तं दाखवतो."

मी फोन बुंध्यावरून उचलला आणि बांधीकडे फिरवला. किती दिसलं असेल देवाला ठाऊक. सात पाठी आणि एक माणूस धुऱ्यावर.

मग चष्मेवाले हसले, वाईट नाही, सहजच हसले. "अहो, म्हणजे उक्तं काम. आमच्याकडे उक्तं म्हणतात त्याला." मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता, काहीतरी हातातून गेल्यासारखा.

"पण मग तू 'हुंडा' असा शब्द का वापरलास? वाचणाऱ्याची दिशाभूल होते ना."

"तिचा शब्द हाये, मॅडम. मी बनवला नाही."

"बरं. पण विषय होता, बदलताना तू कशी घडलीस. यात तुझी वाढ कुठे दिसते?"

मी म्हटलं, "नववीत मी धुऱ्यावरून पेंढ्या फेकाले होती. दहावीत पऱ्हे उपटाले बसवलं. यंदा मी आईच्या बाजूनं ओळ धरतो, अन् माही रोपं तिच्याइतकीच पडतात. आमच्याकडे याले वाढच म्हणतात."

मॅडमने कागद खाली ठेवला. "ठीक आहे. कळवतो आम्ही."

सरांनी छत्री मिटली, स्कूटीला दोनदा किक मारली आणि गेले. मी ओढणी पिशवीत कोंबली आणि खाली उतरले. भूपेंद्रभाऊ जेवायला गेला होता.

"काय विचारलं व?" आईने मान वर न करता विचारलं. मी तिच्या बाजूची ओळ धरली आणि रोवता रोवता सगळं सांगितलं, तिघांकडून, पाच जणांकडून, मारहाण, काकू, सगळं. मग पुष्पाबाई जी सुटली ती चिखलात बसलीच. "अवं माय, तीन तीन घरचा हुंडा खाल्ला ललितानं! अना लुगडं पाहा तिचं!" सगळ्या हसत होत्या. मलाही हसू आलं, पण रडण्यासारखं आलं.

आई हसली नाही. तिने हातातली पेंढी संपवली. कंबरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली आणि त्या दोन लांबट बांध्यांकडे बोट केलं.

"त्या दोन बांध्या माह्या बापाच्या होत्या."

पुष्पाबाईचं हसू थांबलं. ती आईच्याच वयाची, तिला बहुतेक माहीत असावं.

"माह्या लग्नात तुह्या बापाच्या घरून हुंडा मांगला. बापापाशी दुसरं काय होतं? भूपेंद्रच्या बापाले इकल्या. आता त्याच बांध्या मी हुंड्यानं रोवतो." तिने दुसरी पेंढी उचलली, गाठ दाताने सोडली. "मी देल्ला तेव्हा कोनी पुन्याहून फोन नाही केला."

एवढंच बोलून ती वाकली. दुपारी पाऊस आला, आम्ही प्लास्टिकच्या खोळी डोक्यावर घेतल्या आणि रोवत राहिलो. मी मनातल्या मनात बापाशी भांडत होते. मॅडमला माझ्या घरात हुंडा घेणारं माणूस हवं होतं ना, ते होतंच की. नागपुरात सेंट्रिंग ठोकत होतं, दिवाळीला माझ्यासाठी चिवडा आणत होतं. आणि मी एवढी वर्षं त्या बांध्यांत उतरताना आईला हसत होते.

दिवस बुडता बुडता शेवटचं रोप लागलं. भूपेंद्रभाऊ आला, त्याने फिरून बघितलं आणि कुठेच खोट काढली नाही. सात पाठींनी माझ्या अर्ध्या तासाचं काम कधी ओढून घेतलं, ते मला कळलंही नव्हतं.

आठ दिवसांनी निरोप आला. 'आपल्या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुक वाटतं. यंदा आपली निवड होऊ शकली नाही.' सरांनी तो नुसता पुढे पाठवला. मी आईला वाचून दाखवला. ती भाताच्या पेजेत मीठ घालत होती.

"कौतुक वाटते म्हनते?"

"हो."

"मंग घेत काहून नाही?"

पेज प्यायलो आणि झोपलो. मी ठरवून टाकलं होतं की आता कॉलेजचं नाव काढायचं नाही. ती बोलली होती, फुकट असेल तर, आणि फुकटवालं गेलं.

सकाळी उठले तर आई धुवट लुगडं नेसून दारात उभी होती. हातात माझ्या दाखल्यांची पिशवी.

"चाल. साकोलीची गाडी चुकंन."

"आई, ते फुकट नाही."

"मले मालूम हाये." ती चालायला लागली. "फुकटवाल्याईले लय सांगा लागते."

तालुक्याच्या कॉलेजात खिडकीपुढे रांग होती. या अर्जात निबंध नव्हता, नुसते रकाने होते. बाबू वयस्क, कानावर पेन, रकाने तोच भरत होता. नाव, गाव, टक्के. वडिलांचा व्यवसाय, सेंट्रिंग काम. मग विचारलं, "आई काय करते?"

माझ्या तोंडावर 'शेतमजुरी' आलं होतं. शाळेत सगळीकडे तेच लिहिलं आहे, कापगते सरही तेच लिहायचे. मी मागे बघितलं. आई भिंतीला पाठ लावून उभी होती, पायाच्या बेचक्यात हळद तशीच पिवळी.

"हुंडा घेते," मी म्हटलं. "रोवण्याचा. स्वतःची टोळी आहे तिची."

बाबूने लिहिलं. थांबला नाही, हसला नाही, शब्दही बदलला नाही. ठसा मारला, कागद माझ्याकडे सरकवला आणि मग चष्म्यावरून आईकडे बघितलं.

"कोन्या गावच्या व बाई तुम्ही? आमच्या चार बांध्या राहून गेल्या, मानसंच भेटून नाही राहिले. आठ जनी असान तं या ना."

"सात हाये," आई म्हणाली. "एक हात कमी झाला यंदापासून. तिचं कालेज हाये."